दोन थापांची जागा

"तात्या, आता मध्ये बोलायचं नाही. आधी पूर्ण ऐकायचं," असं म्हणून माझ्या लेकीने, उज्ज्वलाने, पिठाच्या डब्यावर ठेवलेल्या लॅपटॉपची कळ दाबली.

सोपाना, माझा धाकटा दीर, भिंतीला टेकून तंबाखू मळत होता. त्याने हात थांबवला. लॅपटॉपमधून सनई वाजू लागली, म्हणजे सनईसारखं काहीतरी. सूर नीट चढला, नीट उतरला, थांबायचा तिथे थांबला आणि संपला.

"कसं वाटलं?" सरनोबत सरांनी विचारलं. सर उज्ज्वलाच्याच कॉलेजात शिकवायचे आणि लहानपणापासून गाणं शिकलेले होते. रागाचे नियम एकेक करून त्यांनी यंत्राला घातले होते. चढताना कोणता सूर घ्यायचा, उतरताना कोणता टाळायचा, कुठे विसावायचं. त्या नियमांच्या आत राहून यंत्राने स्वतः चाल बांधली होती.

"चूक न्हाई," सोपाना म्हणाला.

"मग?"

"चूक न्हाई आन दुसरं कायबी न्हाई. सर, राग मानू नका, पर शाळंत पयल्या बाकावरच्या पोरागत वाटतंय. हाताची घडी, तोंडावर बोट."

सर मोठ्याने हसले. "ते पोरगं मीच होतो हो," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते आमच्या घरातलेच झाले.

ही गोष्ट उज्ज्वलाचं लग्न व्हायच्या आधीची. आम्ही जावीर, कुसवड्याचे वाजंत्री. भैरोबाला दर चैत्रात नवी चाल लागते. जुनी चाल म्हणजे शिळा नैवेद्य, असं आमच्याकडे मानतात. यात्रेच्या सकाळी देवळाच्या अंगणात ताफे वाजवतात, पंच ऐकतात, आणि ज्याची नवी चाल पंचांना पटेल तो ताफा संध्याकाळी छबिन्यात देवाच्या पालखीपुढे चालतो. हा मान माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासून आमच्या घरात होता. सासऱ्यांनंतर माझे मालक, केरबा मास्तर, चाल बांधायचे. ते गेले. पहिल्या वर्षी गावाने दुःख ओळखून जुन्या चालीवर भागवलं. पण दुसऱ्या वर्षी पंचांनी सांगितलं, "द्वारकाबाई, औंदा नवी चाल पाहिजे. न्हाईतर मान दुसऱ्याला."

दुसरा म्हणजे झांबरे मास्तर. तालुक्याच्या गावात त्यांची बँजो पार्टी होती. निळे कोट, मोठाले स्पीकर. माणूस कसबी होता, तेही सांगते. आठवड्याच्या बाजारात मला पाहून त्यांनी चार लोकांत हाक मारली. "वैनी, केरबाच्या माघारी कशाला जिवाला घोर लावून घेता? तुम्ही आपल्या भाकऱ्या थापा. छबिन्याचं आम्ही बघतो."

लोक हसले. मी वांगी तशीच सोडून घरी आले. सोपानाला सगळं सांगितलं. तो सनई चांगली वाजवायचा, पण चाल त्याला सुचत नसे. आयुष्यभर त्याने भावाशेजारी उभं राहून एकच अखंड सूर धरला होता. मान गेला की ताफा मोडणार हे आम्हाला दोघांनाही दिसत होतं. डफवाला दत्तू तर झांबरेंकडे जायला एका पायावर तयार होता. हे सगळं कळल्यावर उज्ज्वला सुट्टी टाकून सरांना घेऊन आली होती. संगणकाला संगीत रचायला लावायचं, हाच त्या दोघांचा कॉलेजातला अभ्यास. त्यावरून त्यांची भांडणंही चालायची.

"सरांचं झालं. आता माझं ऐका," उज्ज्वला म्हणाली. "मी नियम घातलेच नाहीत. बाबांच्या सगळ्या कॅसेट यंत्राला ऐकवल्या. कुठल्या सुरानंतर बाबा कुठे जातात, ते त्याने शिकून घेतलं. आता ते आपल्या मनाने बाबांसारखं चालतं."

तिने कळ दाबली, आणि माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला.

आवाज यंत्राचा होता, पण चालणं त्यांचं होतं. तोच वळसा. खालून वर जाताना तेच मध्येच रेंगाळणं. आणि थोडं वाजलं की थांबणं. पुन्हा वाजायचं, पुन्हा थांबायचं.

"हे थांबे कसले?" सरांनी हळूच विचारलं.

"बाबांना दमा होता," उज्ज्वला म्हणाली. "त्यांना श्वास घ्यावा लागायचा. यंत्र तेसुद्धा शिकलं."

मी आत चुलीपाशी जाऊन बसले. बाहेर वाजतच होतं. बऱ्याच वेळाने सोपानाचा आवाज आला. "उजे, बंद कर. दादाच हाय ह्यो, पर घराची वाट इसरलेला दादा. हितनं तितं, तितनं हितं. सांज झाली तरी परत यायचा न्हाई."

"माझ्या नियमांनी त्याला घरी आणता येईल," सर म्हणाले. "आणि ते थांबेही भरून काढू. रिकामी जागा बरी नाही दिसत."

"थांबा," सोपाना म्हणाला. "उजे, ह्या कॅसेटी घरातल्याच न्हवं? दादा सोप्यात बसून वाजवायचा तवा भरलेल्या?"

"हो. सगळ्या इथल्याच."

"मग मागं आवाज व्हते त्यात. ते कुटं गेले?"

"ते मी साफ केले, तात्या. कोंबड्या, भांडी, कसलीतरी ठपठप. ते ठेवलं असतं तर यंत्र गोंधळलं असतं."

सोपाना उठला. मग उंबऱ्यातून डोकावून माझ्याकडे बघत म्हणाला, "वैनी, भूक लागलीया."

"आत्ताच तर जेवलास!"

"मला न्हाई. सरांना."

सर काहीतरी बोलणार होते. सोपानाने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मुकाट मान हलवली. मी पुन्हा पीठ मळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सोपानाने एक जुनं फडकं आणून सोप्यात उलगडलं. आत कवड्या होत्या. सासऱ्यांच्या हाताने गुळगुळीत झालेल्या.

"आमचा म्हातारा ह्याच्यावर चाल बांधायचा," तो म्हणाला. "त्येच्याकडं सुरांचे ठरलेले तुकडे असायचे. कवड्या टाकायच्या. किती उताण्या पडल्या, किती पालथ्या, त्यावरनं कुटला तुकडा कुटल्या तुकड्याला जोडायचा ते ठरायचं. दादाबी तेच करायचा, फकस्त तुकडे सोताचे घालायचा."

मला वाटलं ही शिकलेली माणसं हसतील. पण सर गुडघ्यांवर सरकत पुढे आले आणि उज्ज्वलाने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"आई, यंत्रसुद्धा आतमध्ये कवड्याच टाकतं!" ती म्हणाली.

"काहीतरीच."

"खरंच. पुढचा सूर कुठला, हे ठरवायला ते कवड्या टाकतं. फक्त माझ्या यंत्राच्या कवड्या बाबांच्या बाजूला कललेल्या आहेत. बाबा जिकडे जास्त जायचे, तिकडे त्या जास्त पडतात."

"आणि माझ्या यंत्राला कवड्या टाकायची परवानगीच नाही," सर म्हणाले. "म्हणून ते हाताची घडी घालून बसलंय."

त्यांचं भांडण तिथेच मिटलं. ठरलं असं की तुकडे उज्ज्वलाच्या यंत्राने द्यायचे, म्हणजे त्यात केरबा मास्तरांचं चालणं येईल. ते जोडायचे सोपानाच्या कवड्यांनी. आणि सरांच्या नियमांनी कुंपण घालायचं, म्हणजे चाल कुठेही भटकली तरी शेवटी आपल्या सुरावर परत येईल. थांबे भरायचे की ठेवायचे यावर सर आणि सोपाना थोडे कुरकुरले. सोपाना ऐकेना. थांबे राहिले.

मग चालींचा नुसता पाऊस पडला. सोपाना एकेक सनईवर वाजवून बघायचा. बहुतेक वंगाळ. एक तर अशी निघाली की बाहेर बांधलेली शेळी ओरडायला लागली, आणि दत्तू म्हणाला, "तात्या, हिला कळतंय बघा गाणं."

"पण ह्यातली चांगली कुठली, हे बाबा कसं ठरवायचे?" उज्ज्वलाने विचारलं. "आमचं घोडं नेहमी तिथेच अडतं. यंत्र हजार चाली देतं. निवडायचं कुणी?"

"दादाचा एक जाणकार व्हता," सोपाना म्हणाला.

"कोण?" मी आतून विचारलं. इतकी वर्षं त्या घरात राहून मला कुणी जाणकार माहीत नव्हता.

"हाय एक. मी निरोप धाडलाय. उद्या यील. वैनी, माणूस लई खाणारा हाय. भाकरी जरा जास्त टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी चूल पेटवली. माझ्या मनात जाणकाराचं चित्र तयार होतं. पांढऱ्या मिशा, काठी, डोक्याला फेटा. नव्या ज्वारीचं पीठ काठवटीत घेतलं, मळलं आणि थापायला बसले. भाकरी थापताना शेवटी दोन थापा जोरात मारायची माझी माहेरची सवय आहे. सासूबाई म्हणायच्या, काठवट फोडशील. पण ती सवय काही गेली नाही.

बाहेर सोपाना एकामागून एक चाली वाजवत होता. मी वैतागले होते. "अरे, तो जाणकार येऊ दे की आधी! आत्तापासून कशाला छाती फोडून घेतोस?"

"हात गरम करतोय, वैनी. तुमचं चालू द्या."

एक चाल झाली, दुसरी झाली. दुरडीत भाकऱ्या चढत गेल्या. धुराने डोळे चुरचुरत होते, आणि मी झांबरेंच्या त्या हसण्याचा विचार करत होते. मग कधीतरी ते हसणं डोक्यातून निघून गेलं. भाकरी हाताखाली आपोआप फिरत होती. मला आठवतं ते एवढंच की धूर असूनही मला बरं वाटत होतं.

एकदम बाहेर सगळं थांबलं. शेळीसुद्धा गप्प. मी मान वर केली तर उंबऱ्यात सोपाना उभा, त्याच्या मागे सर, सरांच्या मागे दत्तू. उज्ज्वला भिंत धरून उभी होती.

"काय झालं? आला का तुमचा जाणकार?"

"यिऊन गेला, वैनी," सोपाना म्हणाला. "हीच चाल."

"कधी आला? मला सांगायचं नाही? ह्या एवढ्या भाकऱ्या कुणासाठी केल्या मी?"

कुणी हसलं नाही. उज्ज्वला आत आली आणि लॅपटॉप माझ्यासमोर जमिनीवर ठेवून बसली. "आई, ही कॅसेट मी साफ करायच्या आधीची आहे. मी जन्मायच्या आधीची."

खरखर झाली. एक कोंबडी ओरडली. मग त्यांची सनई आली, तरुण छातीतली, दम्याचा मागमूस नसलेली. थोडं वाजली आणि थांबली. आणि त्या थांब्यात, लांबून, पण बरोबर मधोमध, दोन थापा पडल्या.

पुन्हा सनई. पुन्हा थांबा. पुन्हा दोन थापा.

"दादाला दमा शेवटी शेवटी झाला," सोपाना म्हणाला. "ह्यो थांबा पयल्यापासनं हाय. लगीन होऊन तुम्ही ह्या घरात आला तवापासनं. दादा हितं सोप्यात बसून चाली लावायचा. तुम्ही आत भाकरी करायचा. ज्या चालीला तुमचा हात आपसूक लागंल ती चाल ठेवायची. न्हाई लागला, टाकून द्यायची. तुमच्या दोन थापा बसतील एवढी जागा तो चालीत राखून ठेवायचा. यात्रंत लोक म्हणायचे, केरबा दम घ्यायला थांबतोय. तो मनात तुमची थाप ऐकायचा."

"आणि मला कधी सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मोजून थापलं असतं. हात सावध झाला असता. मला दादानं शपथ घातली व्हती. तो व्हता तवर मोडली न्हाई."

उज्ज्वला माझ्या पिठाच्या हाताला धरून बसली होती. "मी कचरा म्हणून काढून टाकलं, आई," ती म्हणाली. "सगळ्या कॅसेटींमधून तुला वेचून वेचून काढून टाकलं. तरी बघ, तुझी जागा राहिलीच."

तव्यावरची भाकरी करपत होती, ती मी उलटली.

पण खरी पंचाईत पुढेच होती. सोपाना म्हणाला, आता थांब्यात थापा पाहिजेतच, त्याशिवाय चाल अर्धी आहे. दत्तूने डफावर मारून पाहिल्या. बरोबर पडल्या, पण शिपायाने सलाम ठोकावा तशा. मग डफ माझ्या हातात दिला. आणि झालं भलतंच. आता मला माहीत होतं ना! थांबा येतोय, येतोय म्हणून मी वाट बघायचे आणि थाप आधीच पडायची, नाहीतर निघून गेल्यावर. शपथ मोडली ती चूक झाली, असं सोपानाच्या तोंडावर दिसू लागलं. यात्रा उद्यावर आलेली.

"बाबांचं खरं होतं," उज्ज्वला म्हणाली. "कळलं की बिघडतं."

मी डफ खाली ठेवला. "बिघडलं काही नाही," मी म्हणाले. "मला डफ येत नाही, मला भाकरी येते. उद्या देवळाच्या अंगणात नैवेद्याच्या भाकऱ्या मला करायच्याच आहेत. मी माझ्या चुलीपाशी बसेन. तुम्ही तिथे येऊन उभे राहा."

"पंच काय म्हणतील?"

"पंच भाकरी खात नाहीत काय?"

यात्रेच्या सकाळी अंगणाच्या कडेने चुलींची रांग लागली होती. गावच्या बायका नैवेद्याला बसल्या होत्या. आधी झांबरे मास्तरांनी वाजवलं. चाल नवी होती, झटकदार होती, तरणी पोरं नाचली. मान डोलवावी असंच वाजवलं त्यांनी. मग पंचांनी पुकारलं, "जावीरांचा ताफा!"

सोपाना, त्याच्यामागे सूर धरणारा, दत्तू, झांजवाला, सगळे पंचांसमोर न जाता वळून माझ्या चुलीसमोर येऊन उभे राहिले. लोकांत हसू पसरलं. "आरं, भाकरी मागायला आल्यात!" कुणीतरी ओरडलं. पंचांपैकी एक जण अर्धवट उठला. मी वर बघितलंच नाही. पिठाला पाणी लावलं, गोळा केला, काठवटीत ठेवला.

सनई सुरू झाली.

मी थांब्याची वाट बघितली नाही. भैरोबाचा नैवेद्य आहे, भाकरी चिरता कामा नये, एवढंच बघितलं. कडेने हात फिरवत गेले. भाकरी मोठी होत गेली, पातळ होत गेली, आणि शेवटी सवयीने दोन थापा मारल्या. वर सनई थांबलेली होती. त्या शांततेत काठवट अशी दणाणली की हसणारे गप्प झाले.

दुसऱ्या वळणाला पुन्हा. माझ्या शेजारी कुंभाराची शांता थापत होती. तिचा हात अडखळला, आणि तिसऱ्या वळणाला तिच्याही दोन थापा माझ्याबरोबर पडल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यापलीकडची, तिच्यापलीकडची. कुणाची काठवट, कुणाची परात. रांगेच्या टोकापर्यंत हात जुळत गेले. सनई थांबायची आणि सगळ्या अंगणाच्या कडेने एकदम दोन थापा उठायच्या. कडेला बसलेली म्हातारी माणसं मांडीवर मारू लागली. सोपानाचे डोळे मिटलेले होते, गाल फुगलेले, आणि दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं. सरनोबत सर गर्दीत उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि चाल शेवटी त्यांच्या नियमाप्रमाणे घरच्या सुरावर परत आली तेव्हा त्यांनी आकाशाकडे बघून हात जोडले.

पंचांना विचार करावाच लागला नाही. बायकाच ओरडत होत्या. मोठे पंच माझ्या चुलीपाशी आले. "चाल कुणाची म्हणून पुकारायचं? यंत्राची म्हणत्यात, खरं का?"

"यंत्राची हाय, सरांची हाय, उजीची हाय, म्हाताऱ्याच्या कवड्यांची हाय," सोपाना धापा टाकत म्हणाला. "दादाची तर हायच. पर पुकारायची असंल तर वैनीची पुकारा. आजवरच्या सगळ्याच तिच्या हातनं पास झाल्यात."

त्यांनी तसंच पुकारलं. कर्ण्यातून माझं नाव गावभर गेलं. नाव लिहायला मी चाळिशी उलटल्यावर उज्ज्वलाच्या जुन्या पाटीवर शिकले होते. ते असं मोठ्याने ऐकायची मला सवय नव्हती. मी पदराने पीठ पुसत बसले.

झांबरे मास्तर निळा कोट काढून हातावर टाकून आले. त्यांनी वाकून काठवटीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. "वैनी, हरलो. असं कधी ऐकलं नव्हतं."

"मास्तर, तुम्ही बाजारात सांगितलं तेच केलं," मी म्हणाले. "भाकऱ्या थापल्या."

ते हसले आणि तिथेच बसून त्यांनी गरम भाकरी मागितली. ठेचा जास्त मागितला.

संध्याकाळी पालखीपुढे आमचा ताफा चालला. ताफ्यापुढे मी. हातात काही नव्हतं. थांबा आला की दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांवरून टाळ्या पडत होत्या.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाने सोप्यात बसून ती चाल पुन्हा भरून घेतली. सोपाना बाहेर, मी आत चुलीपाशी. भरून झाल्यावर ती ऐकू लागली. मध्येच कोंबडी ओरडली होती, शेळीनेही तोंड घातलं होतं, आणि शेवटी माझाच आवाज होता, "अरे, मीठ संपलंय."

तिने उंबऱ्यातून डोकावून विचारलं, "आई, हे साफ करू?"

"हात लावू नकोस," मी म्हणाले.